वाळताना मिटणारी दारं

स्प्रूसचं नुकतंच तोडलेलं खोड, विशेषतः सालीजवळचं फिकट लाकूड, पाण्यानं गच्च भरलेलं असतं. कालपर्यंत हेच पाणी मुळांकडून शेंड्याकडे चढत होतं. म्हणजे आत वाटा आहेत. पण ते लाकूड वाळवून त्यात दाबानं संरक्षक द्रव भरायला जावं, तर तो बाजूंनी जेमतेम काही मिलिमीटर आत शिरतो. वाटा गेल्या कुठे?

सूचिपर्णी झाडांच्या लाकडात सलग नळ नसतात. दोन-चार मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना बंद असलेल्या असंख्य पेशी असतात. एकीतून दुसरीत पाणी जातं ते भिंतीतल्या गोल खिडक्यांमधून. प्रत्येक खिडकीच्या मधोमध एक चकती असते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंवर तोललेली. पाणी तंतूंच्या फटींतून पलीकडे झिरपतं. एखाद्या पेशीत हवा शिरली, की चकती सरकून भोकावर बसते आणि हवा शेजारी पसरू देत नाही. केसाच्या जाडीहूनही लहान अशी ही झडप!

लाकूड वाळतानाही हेच घडतं. मागे सरणाऱ्या पाण्याचा पृष्ठताण चकतीला ओढून भोकावर दाबतो आणि ती तिथेच चिकटते. झाड मेलं तरी त्याच्या झडपा इमानानं मिटतात. मला या साऱ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. खरा पेचही इथेच आहे: संरक्षकाला जागा हवी म्हणून लाकूड वाळवायचं, आणि वाळवलं की दारं बंद. प्रयोगशाळेत पाण्याच्या जागी ॲसिटोन भरून लाकूड वाळवलं, तर बऱ्याच चकत्या जागच्या हलत नाहीत; पण ट्रकभर ओंडक्यांसाठी तो उपाय नव्हे.

एक उपाय जिवाणूंनी दाखवला. ओंडके काही आठवडे-महिने पाण्यात ठेवले, की जिवाणू बाहेरच्या फिकट लाकडात शिरतात आणि खिडक्यांमधले नाजूक पडदे खाऊन टाकतात. मग तेच स्प्रूस भराभर द्रव पितं. मात्र जागोजागी कमीजास्त, त्यामुळे रंगही डागाळलेला बसतो. गाभ्यावर या भिजवण्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून कारखान्यांत दातेरी रुळांनी फळ्यांवर बारीक चिरा पाडतात, म्हणजे द्रवाला त्या खोलीपर्यंत तरी वाट मिळते.

जॉन बेथेल यांनी १८३८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेली पद्धत, म्हणजे आधी निर्वात करून मग दाबानं क्रिओसोट भरणं, आजही मूळ रूपात चालते. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं जगभर गाजलेलं मिश्रण १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी शोधलं. पण द्रव कितीही जालीम असो, मिटलेल्या दारापलीकडचं लाकूड कोरंच राहतं.

म्हणून संरक्षक भरलेली फळी किंवा खांब कापावा लागला, तर कापलेल्या तोंडावर संरक्षक पुन्हा लावायला विसरू नका.