थ्रेड-लायब्ररींतील भेद आणि आज्ञावलींचे अकस्मात बंद पडणे

लिनक्स प्रणालीवर वर्षानुवर्षे निर्वेध चाललेली आज्ञावली नव्या ठिकाणी हलविताच मध्येच बंद पडते, असा अनुभव अनेक संगणक-कक्षांत येतो. मूळ लेखनात एका अक्षराचाही बदल झालेला नसतो. अशा वेळी दोष प्रथम आज्ञावली लिहिणाऱ्याच्या माथी मारला जातो, नंतर यंत्राच्या. वस्तुतः पुष्कळदा या दोहोंमधील थर बदललेला असतो.

थ्रेड म्हणजे एकाच आज्ञावलीत समांतर चालणाऱ्या कामाच्या धारा. त्या निर्माण करण्याचे काम सी लायब्ररीकडे असते. तिचे बाह्य वर्तन पॉझिक्स मानकाने ठरवून दिले आहे. तथापि कित्येक बाबी मानकाने मोकळ्या सोडल्या आहेत, आणि घात होतो तो तेथेच.

याचे जुने उदाहरण २००३ सालचे. झाविए लरॉय यांच्या लिनक्सथ्रेड्स या लायब्ररीत प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र प्रक्रिया-क्रमांक मिळे. रेड हॅट लिनक्स ९ बरोबर उल्रिश ड्रेपर व इंगो मोल्नार यांची एनपीटीएल आली आणि सर्व थ्रेडांचा क्रमांक एकच झाला. थ्रेड ओळखण्यासाठी हाच क्रमांक वापरणाऱ्या आज्ञावली त्यामुळे चुकू लागल्या. नवे वर्तन मानकाला धरून होते, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

सांप्रत हा प्रश्न जीलिबसी व मसल या दोन लायब्ररींमुळे उद्भवतो. बहुतेक लिनक्स वितरणांत जीलिबसी असते. आकाराने लहान म्हणून कंटेनरांसाठी निवडल्या जाणाऱ्या अल्पाइन लिनक्समध्ये २०१४ पासून मसल आहे. प्रत्येक थ्रेडला स्थानिक चले व कार्यांच्या परतीचे पत्ते ठेवण्यासाठी स्टॅक नावाची स्मृती दिली जाते. जीलिबसीत ती सामान्यतः ८ एमबी असते. मसलमध्ये ती केवळ १२८ केबी आहे. २०१९ च्या १.१.२१ आवृत्तीपूर्वी तर ८० केबीच होती. २०० केबीचा स्थानिक अ‍ॅरे एका ठिकाणी सहज मावतो, दुसऱ्या ठिकाणी स्टॅकबाहेर जातो.

स्टॅकच्या टोकाशी संरक्षक पान असते. त्याला स्पर्श होताच सेगमेंटेशन फॉल्ट होऊन आज्ञावली थांबते. हे त्यातल्या त्यात बरे. मोठा अ‍ॅरे हे पान ओलांडून पलीकडे गेला, तर दुसऱ्याच कामाची माहिती निमूटपणे बिघडू शकते आणि बंद पडण्याची जागा मूळ कारणापासून दूर जाते. पायथॉनच्या ३.११ पूर्वीच्या आवृत्त्यांतही अशीच गत होई: १००० पुनरावर्तनांची मर्यादा गाठून रीतसर त्रुटी दाखविली जाण्याआधीच थ्रेडचा स्टॅक संपे.

निदानासाठी एक खूण विशेष उपयोगी आहे. तेच कार्य मुख्य थ्रेडमध्ये नीट चालते व उपथ्रेडमध्येच कोसळते काय, हे प्रथम पाहावे. मुख्य थ्रेडचा स्टॅक कर्नल पुरवतो, त्यामुळे मसलवरही तो ऐसपैस असतो. यानंतर जीडीबीत कोअर फाइल उघडून सर्व थ्रेडांचा मागोवा घ्यावा. एकाच कार्याची लांबलचक माळ दिसली, अथवा कार्याच्या प्रारंभीच्याच सूचनेवर फॉल्ट आढळला, तर संशय स्टॅकवर धरावा. ‘यूलिमिट’ आज्ञेने मर्यादा वाढवून पाहण्याची सवय येथे दिशाभूल करते: जीलिबसी ती मर्यादा नव्या थ्रेडांना लावते, मसल लावीत नाही.

उपाय म्हणजे थ्रेड निर्माण करतानाच स्टॅकचा आकार स्पष्ट मागणे, किंवा १.१.२१ पासूनच्या मसलवर जोडणीच्या वेळी लिंकरला तो सांगणे. मोठे अ‍ॅरे स्टॅकवरून हीपमध्ये हलविणे अधिक श्रेयस्कर. सरसकट ८ एमबी मागण्याचा मोह मात्र टाळावा. १००० थ्रेड असलेल्या सेवेत त्यापायी सुमारे ८ जीबी पत्ताक्षेत्र राखले जाते. ६४ बिटांच्या यंत्रावर ते खपून जाते, ३२ बिटांच्या यंत्रावर तेवढे उपलब्धच नसते.