शिकण्याचा वार ठरलेला हवा

बंगळुरात मेट्रोच्या हिरव्या मार्गावर बनशंकरीहून शहराच्या दिशेने निघालं की पाचवं स्थानक नॅशनल कॉलेजचं. बसवनगुडीतल्या या कॉलेजात १९६२ साली बंगळूर सायन्स फोरम सुरू झाला आणि दर बुधवारी संध्याकाळी विज्ञानावर एक जाहीर व्याख्यान, असा त्याचा शिरस्ता पडला. तो सुरू करणारे एच. नरसिंहय्या खेड्यातल्या गरीब घरातले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पुढे ते बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण राहिले मात्र कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोलीत. बुधवारच्या श्रोत्याला पदवी कुणी विचारत नाही, त्याची परीक्षा घेतली जात नाही, हाती प्रमाणपत्रही पडत नाही. आजच्या हिशेबाने हा तोट्याचाच व्यवहार म्हणायचा.

आजचा हिशेब असा: तंत्रज्ञान झपाट्याने बदलतंय, विशीत घेतलेली पदवी चाळिशीपर्यंत पुरत नाही, तेव्हा शिकत राहा, नाहीतर नोकरी जाईल. सॉफ्टवेअरवर जगणाऱ्या बंगळुरात ही भीती खोटी नाही. चुकतं ते त्यामागचं गृहीत. फोन हातात आहे, धडे फुकट आहेत, तरी जो शिकत नाही तो आळशी, असं आपण धरून चालतो. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांनी २०१२ पासून आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर जगाला खुले केले, तेव्हा या गृहीताची मोठी परीक्षाच झाली. सहा वर्षांत छप्पन्न लाखांवर माणसांनी नावं नोंदवली. २०१९ साली ‘सायन्स’ नियतकालिकात या परीक्षेचा निकाल छापून आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण धड्यांकडे फिरकलेच नव्हते आणि २०१७-१८ या वर्षात अभ्यासक्रम पुरा करणारे होते शंभरात जेमतेम तीन. यावर कुणी म्हणेल, फुकटाची किंमत नसते, फी लावा. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत पुरं करणारे खरोखरच जास्त होते, शंभरात ४६. पण पैसे भरतो तो आधीच मन पक्कं करून आलेला असतो, आणि त्यांतलेही निम्म्याहून अधिक मध्येच गळाले. एवढी माणसं आळशी असू शकत नाहीत. नोकरी, घर, मुलं आणि प्रवास यांच्या गर्दीत एकट्या माणसाने शिकण्यासाठी वेळ राखणंच अवघड असतं. तो वेळ इतरांच्या सोबतीने, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वारी राखला गेला तर टिकतो.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती शाळा-कॉलेज संपलेल्या माणसांसाठीच. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले. त्या गोखल्यांचं नाव बंगळुरातल्या एका संस्थेला आहे, हे बसवनगुडीतून रोज येणाऱ्या-जाणाऱ्या मराठी माणसांनाही अनेकदा ठाऊक नसतं. गोखले सार्वजनिक विचार संस्था १९४५ साली उभी केली डी. व्ही. गुंडप्पा, म्हणजेच डीव्हीजी यांनी. डीव्हीजी मॅट्रिकही पास नव्हते. संस्कृत, इंग्रजी, राज्यशास्त्र, वेदान्त सगळं त्यांनी पुढे स्वतःच्या वाचनाने मिळवलं, पत्रकारिता केली, आणि ‘मंकुतिम्मन कग्ग’ हा त्यांचा काव्यग्रंथ कन्नड घराघरांत पोचला. असा माणूस स्वतःच्या उदाहरणावरून सहज म्हणू शकला असता की जिद्द असली की पुरे. त्यांनी ते म्हटलं नाही. ग्रंथालय उघडलं, अभ्यासवर्ग चालवले. लोकशाहीत मत देणाऱ्याला विचार करण्याचा सराव हवा आणि तो सराव चारचौघांत होतो, असा त्यांचा गोखल्यांकडून घेतलेला आग्रह होता. खुद्द बनशंकरीच्या दुसऱ्या स्टेजमध्ये ‘सुचित्रा’ आहे. १९७१ साली फिल्म सोसायटी म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने जगभरचे चित्रपट एकत्र बसून पाहण्याची सवय लावली. यातलं कशाचंही बायोडेटात लिहिण्यासारखं काही नाही.

आक्षेप उघड आहे. हे सगळे पेन्शनरांचे आणि सुस्थितीतल्या वस्तीचे शौक. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला व्याख्यानाला जायला फुरसत कुठली? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा उघडली. साठीच्या पुढच्या, कधीही शाळेत न गेलेल्या शेतकरी घरच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. या शाळेची गुलाबी लुगडी सगळ्यांनी पाहिली, वेळापत्रक कुणी पाहिलं नाही. शाळा भरायची दुपारी दोन ते चार, म्हणजे सकाळची कामं उरकल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्याआधी. वेळ आणि जागा शिकणाऱ्याच्या सोयीने ठरवली, तर फुरसत नसलेली माणसंही येतात.

दुसरा आक्षेप पोटाचा. नोकरी टिकवण्याचं शिक्षण आधी, विचारांचं नंतर. हा क्रम मान्य केला तरी तो खर्च आणि वेळ एकट्या कर्मचाऱ्याच्या माथी का? सिंगापूरने २०१६ पासून पंचविशी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाच्या नावे अभ्यासक्रमांसाठी ५०० सिंगापुरी डॉलर जमा केले आणि २०२४ मध्ये चाळिशीच्या पुढच्यांना आणखी ४,००० दिले. ते राष्ट्र उदारपणासाठी प्रसिद्ध नाही. प्रौढांचं शिक्षण हा रस्त्यांसारखा सार्वजनिक खर्च आहे, एवढं त्याने ओळखलं. आपल्याकडे कंपनी कर्मचाऱ्याला अभ्यासक्रमाची लिंक पाठवते आणि तो त्याने शनिवार-रविवारी करावा अशी अपेक्षा ठेवते. त्याला प्रशिक्षण म्हणणं जरा धाडसाचंच आहे.

भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढ शिक्षण आणि आजन्म शिक्षण यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली सर्वांत कामाची सूचना साधी आहे: शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळांच्या इमारती, तसंच सार्वजनिक ग्रंथालयं, प्रौढांच्या वर्गांसाठी वापराव्यात. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. बंगळुरात असो वा बेळगावात, ज्यांच्या हाती एखाद्या शाळेची, मंडळाची किंवा सोसायटीच्या सभागृहाची किल्ली आहे, त्यांनी आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवावी आणि कन्नड बोलायला शिकण्यापासून विम्याची कागदपत्रं वाचण्यापर्यंत लोक जे मागतील तो वर्ग तिथे सुरू करावा.