पांदणीतली गाडी

या जानेवारीत माझ्या स्प्लेंडरच्या नोंदणीचं नूतनीकरण केलं. गाडी 2001 ची. पंधरा वर्षं भरली तेव्हा 2016 मध्ये एकदा, मग 2021 मध्ये, आणि आता तिसऱ्यांदा. मागच्या खेपेला दुचाकीची फी तीनशे रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती हजार झाली आणि ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेने वीस वर्षांपुढच्या दुचाकीला दोन हजार. पैसे जातात, पुन्हा येतात. मनाला लागलं ते कागदपत्रं करून देणाऱ्या एजंटाचं बोलणं. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "काका, हे कॅरिअर काढा, हे हुक काढा, समोरचा मडगार्ड खाली घ्या. कंपनीतून आली तशी करून आना."

त्या संध्याकाळी अंगणात पाने घेऊन बसलो आणि जे जे स्वतःच्या हाताने लावलं होतं, ते ते काढलं. कॅरिअर भिंतीला टेकवून ठेवलं. मडगार्डखालचे चार वायसर बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात टाकले. गाडी खरंच कंपनीसारखी दिसायला लागली. माझी दिसेना.

यवतमाळजवळच्या आमच्या लोहाऱ्यात मोटरसायकल उशिरा आली. हीरो होंडाची सीडी 100 बाजारात आली 1985 मध्ये, पण आमच्या गल्लीत तेव्हा सायकली होत्या, एखादी लुना, आणि लांबून ओळखू येणारा राजदूतचा आवाज. पुढची आठ-नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या गाडीमागे बसून काढली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. 1994 मात्र लक्षात आहे. त्या वर्षी यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन थांबलं आणि त्याच वर्षी स्प्लेंडर आली. गाडीच्या वेळा पाहून घराबाहेर पडणारी माणसं हळूहळू स्वतःच्या वेळेला निघू लागली.

माझी खरी वर्षं 2001 ते 2010. एमआयडीसीत पाळीची नोकरी, दारव्हा रोडच्या पलीकडे चार एकर वावर, आणि या दोन्हींच्या मध्ये ही एक गाडी. सकाळी डबा, दुपारी ढेपेचं चुंगडं, पावसाळ्यात फवारणीचा पंप, दिवाळीनंतर वेचणीच्या बायांसाठी पाण्याच्या कॅन. कारखान्याने ही गाडी डांबरी रस्त्यावरच्या दोन माणसांसाठी बनवली होती. वावराकडे जाणारी आमची पांदण तिच्या नकाशात नव्हती.

काळ्या मातीतून जुलैत गाडी नेलेल्या माणसालाच पुढचं कळेल. चिखल टायरला चिकटतो, मडगार्डच्या आत थरावर थर बसतो आणि शंभर पावलांत चाक जाम होतं. मग काडीने चिखल उकरायचा, पुन्हा शंभर पावलं. दोन पावसाळे मी हेच केलं. तिसऱ्या वर्षी मडगार्डच्या पट्टीखाली वायसर घालून तो जरा वर घेतला. चिखल बसायचा राहिला असं नाही, पण चाक फिरत राहिलं. कॅरिअर एमआयडीसीतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात सळई आणि पट्टीचं करून घेतलं, पंपाचे हुक त्यालाच. मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाकलं. वरचा वेग थोडा गेला, पण ओझं घेऊन पांदणीचा चढ दुसऱ्या गिअरवर निघू लागला.

एक बदल फसला, तोही सांगतो. त्या काळच्या स्प्लेंडरचा हेडलाइट थेट मॅग्नेटच्या करंटवर चाले. गाडी हळू केली की उजेड मंद, रेस दिली की लख्ख. रात्रपाळीहून येताना खड्डा दिसायला हवा तेव्हाच उजेड मंद व्हायचा. मी लाइट बॅटरीवर घेतला. महिनाभर छान चाललं आणि बॅटरी बसली. मॅग्नेटचं कॉइल देतं तेवढंच चार्जिंग. त्यापेक्षा जास्त खर्च केला तर बॅटरी कुठून भरणार? वायर परत होती तिथे जोडली. घरखर्चाचा हिशेबही मला त्यानंतर जास्त नीट कळू लागला.

देखभालीचा वार रविवार. तेव्हा रेशनच्या रॉकेलची वाटी, जुना टूथब्रश, आठ-दहाचा आणि बारा-चौदाचा पाना, प्लग पाना, आणि खाली पडलेला स्क्रू दिसावा म्हणून पांढरं फडकं. प्लग काढला की गाडीची तब्येत कळते. काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरा पडला असेल तर कमी, दुधाच्या चहाच्या रंगाचा असेल तर सगळं ठीक. कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ करायचा, त्यात तार घालायची नाही; भोक कणभर मोठं झालं तरी ॲव्हरेज जातो. टॅपेट गार इंजिनावर, सकाळीच. मॅग्नेटवरची टीची खूण जुळवायची आणि रॉकर बोटांनी हलवून पाहायचा. किंचित खेळला पाहिजे, वाजला नाही पाहिजे.

बाबा ओट्यावरून पाहायचे आणि दर रविवारी तेच म्हणायचे, "चालू गाडी खोलतं कायले बे? बिघडली म्हंजे खोलशील." बिघडायच्या आधी खोलायची, हेच तर शास्त्र, हे मी त्यांना पटवू शकलो नाही. शेवटच्या आजारात त्यांना दवाखान्यात नेलं ते याच गाडीवर, मध्यरात्री, एका किकमध्ये.

एक जुना हिशेबही बाकी आहे. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या टोकाला एक वाटी फिरते आणि तिच्या वेगाने तेलातली घाण कडेला जाऊन चिकटते, मलई काढायच्या यंत्रासारखी. ती साफ करायची तर उजवीकडचं क्लच कव्हर खोलावं लागतं. 2004 मध्ये एका सर्व्हिस सेंटरने बिलात ही सफाई लावली. मी आधीच कव्हरच्या दोन स्क्रूंवर नखपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला होता. गाडी परत आली तेव्हा दोन्ही ठिपके शाबूत. घरी खोललं तर वाटीत बोटभर काळा गाळ. त्या दिवसापासून गाडी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. 'भरा, बंद करा, विसरा' असं हीरो होंडाची जुनी जाहिरात सांगायची. विसरणाऱ्यांची इंजिनं बोअरला गेली. माझ्या इंजिनाचा पिस्टन 25 वर्षांत एकदाच बदलला.

2010 नंतरची वर्षं पटापट गेली. हीरो आणि होंडा वेगळे झाले. 2017 मध्ये बीएस 4 आलं, एप्रिल 2020 मध्ये बीएस 6, आणि कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन. शेजारच्या मुलाने नवी गाडी घेतली. मीटरवर पिवळा दिवा लागला की तो ती ढकलत शहरात नेतो, कारण दिव्याचं कारण ज्या यंत्राला कळतं ते दुकानात आहे. नव्या गाड्यांचा धूर कमी, हे मला मान्य आहे आणि हवं आहे. पण धूर कमी करताना मालकाला गाडीबाहेर उभं करायची गरज नव्हती. जुन्या गाडीवाल्यांचीही तीच गत. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि त्यासाठी बनवलेल्या रबराच्या गाड्या 2023 पासूनच्या. माझ्या टाकीचा विचार कोणी केला?

सप्टेंबर 2019 पासून तर मान्यता नसलेल्या बदलाला, प्रत्येक बदलामागे, पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. त्यामागचं कारण मला कळतं. सायलेन्सर फोडून शाळेसमोरून, दवाखान्यासमोरून गाडी पळवणाऱ्यांचा मलाही संताप आहे. पण त्यांचा बदल दुसऱ्याला त्रास द्यायला, आणि आमचा वावरात पोचायला. शेतकऱ्याच्या दुचाकीवरचं मापातलं कॅरिअर, पंपाचा हुक, उंच मडगार्ड, यांची एक साधी यादी करून परवानगी देता आली असती. कोणी मागितल्याचं मी ऐकलं नाही, म्हणून मी इथे मागतो.

शेजारचा मुलगा परवा अंगणात आला. त्याला म्हटलं, दिवा राहू दे, बाकी अर्धी गाडी अजून तुझी आहे. त्याने चेन आवळली, ब्रेकची धूळ काढली, प्लग काढून रंग पाहिला. टॅपेटला गाडी गार पाहिजे म्हणून रविवारी सकाळी यायला सांगितलं आहे.

माझ्या गाडीचे कागद झाले, 2031 पर्यंतचे. कॅरिअर अजून भिंतीला आहे. बोर्नव्हिटाचा डबा मात्र मी खालच्या फळीवर, हाताशी ठेवला आहे. जूनमध्ये पांदण भिजेल.