अन्नाचे गणित आणि गणकयंत्र

महिन्याच्या ठरलेल्या पैशांत घर चालवणारी गृहिणी वाण्याची यादी करायला बसते, तेव्हा ती एक अवघड गणितच सोडवीत असते. पैसा मोजका, मुलांना दूध हवे, डाळ हवी, भाजी हवी, आणि रोज तेच वाढले तर घरात कुरकुर होते ती निराळीच. हेच गणित सबंध देशासाठी मांडायचे, त्यात जमीन आणि पाणीही हिशेबात धरायचे, तर हाताची बोटे कशी पुरणार? तेथे गणकयंत्राची मदत घ्यावी लागते.

या गणिताची कुळकथा गमतीची आहे. जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली विचारले : एका माणसाचे वर्षभराचे पोषण कमीत कमी किती पैशांत होईल? त्याने ७७ खाद्यपदार्थ घेतले, ९ पोषकद्रव्यांची अट घातली आणि अदमासाने उत्तर काढले : १९३९ च्या भावाने ३९ डॉलर ९३ सेंट. पुढे १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग याने अशी गणिते सोडविण्याची पक्की रीत शोधली. तिची परीक्षा याच उदाहरणावर झाली. हाताने चालवायच्या यंत्रांवर १२० मनुष्य-दिवस खर्ची पडले आणि उत्तर आले : ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा अदमास अवघ्या २४ सेंटांनी चुकला होता!

पुढे याच डँट्झिगने वजन उतरविण्यासाठी स्वतःच्या आहाराचे गणित गणकयंत्राला घातले. पोट भरल्यासारखे वाटावे, पण उष्मांक वाढू नयेत, एवढीच मागणी. यंत्राने सल्ला दिला : ५०० गॅलन शिरका प्या! यंत्र काही बिघडले नव्हते. शिरका पिण्याला मर्यादा असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. यंत्राला आपण सांगू तेवढेच कळते.

आता आपल्या देशाकडे वळू. काही संशोधकांनी २०१८ साली जिल्हावार पिकांचा असाच हिशेब प्रसिद्ध केला. भाताऐवजी मका, नाचणी, बाजरी किंवा ज्वारी यांपैकी त्या त्या जिल्ह्यात सर्वांत कमी पाणी लागणारे धान्य घेतले तर काय होईल? उत्तर आले : सिंचनाच्या पाण्याची गरज ३३ टक्क्यांनी घटेल, शिवाय धान्यातून मिळणारे लोह २७ आणि जस्त १३ टक्क्यांनी वाढेल. भाकरी खाणाऱ्या महाराष्ट्राला हे ऐकून बरेच वाटेल.

मग उद्याच तसा हुकूम काढावा काय? थोडे थांबले पाहिजे. शेतकरी विचारील, "ज्वारी पेरतो, पण घेणार कोण आणि कोणत्या भावाने?" सरकारी खरेदीचा ओघ मुख्यतः गहू-तांदळाकडे. कोकणातला माणूस विचारील, "पावसात तुडुंब भरणाऱ्या खाचरात ज्वारी तगेल कशी?" आणि दिवसभर कामावर जाणारी बाई विचारील, "भाकऱ्या थापायला वेळ कोठून आणू?" हे प्रश्नही गणितातल्या अटीच आहेत. त्या वगळल्या, की शिरक्याची गोष्ट पुन्हा घडते. फक्त या वेळी तो इतरांना प्यावा लागतो.

अटी कोण घालतो, याला म्हणूनच महत्त्व आहे. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी मिळणारी मदत अशाच गणितावर बेतलेली असते. महागाईची भर सोडता एकूण खर्च वाढता कामा नये, अशी अट त्यात वर्षानुवर्षे होती. २०२१ मध्ये ती काढली, नवे भाव आणि आहाराची नवी माहिती घातली, तेव्हा आहाराचा खर्च २१ टक्क्यांनी वाढला आणि त्याबरोबर मदतही वाढली. एका अटीवर किती घरांची चूल अवलंबून असते पाहा!

तेव्हा यंत्राने सांगितले म्हणून कोणी एखादे धोरण पुढे ठेवले, तर बिचकू नये आणि भुलूनही जाऊ नये. साध्या भाषेत तीन गोष्टी विचाराव्यात : गणित कशासाठी मांडले? अटी कोणत्या घातल्या? आणि त्या घालताना पिकवणाऱ्याला व रांधणारीला विचारले होते का?