महागाचा लॅपटॉप : जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

दहावी-बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की गटाच्या मासिक बैठकीत आता एक नवी कर्जमागणी येते. पूर्वी शेळ्या, शिलाई मशीन, दवाखाना, लग्न एवढीच कारणं असायची. आता त्यात लेकीचा लॅपटॉप आला. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली, त्यामुळं मुली शिकायला बाहेर पडतायत. पण लॅपटॉपचे पैसे घरालाच उभे करावे लागतात.

मागणी आली की आम्ही किंमत विचारतो. कुणी ४५ हजार सांगतं, कुणी ७५ हजार. ७५ सांगणारीला विचारलं की एवढा महाग कशाला, तर उत्तर येतं, "ताई, दुकानदार म्हणला कंपनीचा घ्या, लेकीच्या आयुष्याचा प्रश्न हाय." हे ऐकल्यावर कोणती आई मागं हटेल?

म्हणून आधी हे ३० हजार म्हणजे किती, ते आपल्या मापानं मोजू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. त्या दरानं ३० हजार म्हणजे ८२ टन ऊस. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, दिवसाला दोन टन तोडला तर ४१ दिवस झाले. आणि काही घरांत हे पैसे मुकादमाकडून उचल वाढवून आणायचा विचार चालू असतो. तेव्हा ४१ दिवसांच्या तोडणीच्या बदल्यात त्या डब्यात जास्तीचं काय मिळतंय, हे विचारायचा आपल्याला हक्कच आहे.

विहिरीवरची मोटर घेताना आपल्याकडं नुसतं कंपनीचं नाव कुणी बघत नाही. किती एचपीची, रिवाइंडिंग कोण करतं, सामान तालुक्याला मिळतं का, हे आधी विचारतात. लॅपटॉपलाही हेच लावायचं.

कामाचा वेग मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो. प्रोसेसर हे त्याचं डोकं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा मोठा असेल तर एका वेळी जास्त भांडी मांडता येतात. तिसरी साठवण, म्हणजे आपली कणगी. ती एसएसडी प्रकारचीच हवी, जुन्या हार्ड डिस्कवर मशीन रांगत चालतं. शिकणाऱ्या मुलीला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असेल तर तीन-चार वर्षं निभावतं. गटाचे हिशेब, अर्ज, टायपिंग एवढंच काम असेल तर ८ जीबीतही भागतं. आता दोन लॅपटॉप शेजारी ठेवा. या तिन्ही गोष्टी सारख्या असतील आणि तरी किमतीत मोठा फरक असेल, तर तो फरक वेगाचा नाही. तो पातळ अंगाचा, चकाकीचा, चांगल्या पडद्याचा, बॅटरीचा नाहीतर नावाचा आहे. त्यातलं आपल्याला काय लागतं ते बघायचं.

बॅटरीला आम्ही पैसे देऊ. आपल्याकडं लाईट जाते आणि पोरी रात्री अभ्यास करतात. मजबूत अंगाला आणि चांगल्या बिजागरीलाही देऊ, कारण हे मशीन एसटीच्या गर्दीत पाठीवरून जाणार आहे. एकाच कंपनीत दोन घराणी असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. एक घरगुती वापराचं, एक ऑफिसच्या कामाचं. लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा पूर्वीचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक ही ऑफिसची घराणी. ती दिसायला साधी, पण राबायला बनवलेली. नुसतं "चांगल्या कंपनीचा आहे" म्हटल्यानं काही कळत नाही, कारण त्याच कंपनीचा हलका मालही त्याच काउंटरवर असतो.

सफरचंदाच्या चित्राचा लॅपटॉप घ्यावा का, हाही प्रश्न येतोच. मार्च २०२५ मध्ये आलेल्या मॅकबुक एअरची भारतातली किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू होत होती. मशीन चांगलं आहे, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. बॅटरी पुष्कळ चालते, आत पंखाच नाही त्यामुळं धूळ ओढली जात नाही, आणि जुना झाला तरी विकताना भाव येतो. पण त्याची रॅम आणि साठवण नंतर वाढवता येत नाही. टॅली त्याच्यावर सरळ चालत नाही, यंत्र अभियांत्रिकीला लागणारं सॉलिडवर्क्सही चालत नाही. मुलगी कॉमर्सची असो की डिप्लोमाची, कॉलेजात कोणते प्रोग्रॅम लागतात ते तिच्या सरांकडून कागदावर लिहून आणा. अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

सगळ्यात जास्त वजन आम्ही दुरुस्तीला देतो. वॉरंटी दोन तऱ्हेची असते. एकीत मशीन आपण सेंटरला न्यायचं, दुसरीत माणूस आपल्या दारी येतो. तिला ऑन-साइट म्हणतात. आष्टीच्या बाईला अहिल्यानगर जवळ, अंबाजोगाईच्या बाईला लातूर, गेवराईच्या बाईला छत्रपती संभाजीनगर. पण वडवणी नाहीतर धारूरच्या खेड्यातून कुठंही निघालं तरी दिवस मोडतो, रोज बुडतो, आणि मशीन एका खेपेत हाती पडेलच असं नाही. म्हणून आपल्या गावाचा पिनकोड सांगून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि विचारा, माणूस इथं येईल का? दुकानदाराच्या होकारावर जाऊ नका. येणार असेल, तर एकाची तीन वर्षं वॉरंटी करायला चार-सहा हजार जास्त गेले तरी आमच्या मते ते लागी लागतात. मात्र चहा सांडला, मशीन पडलं तर साध्या वॉरंटीत काही मिळत नाही. त्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

वापरलेला लॅपटॉप स्वस्तात मिळतो, आणि ऑफिसच्या घराण्यातला असेल तर तो वाईट नसतो. फक्त एक बघा. इंटेलच्या प्रोसेसरवर आय५ च्या पुढं आकडा असतो. ६३०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, आणि विंडोज ११ ला कंपनी आठव्या पिढीपासून पुढचेच इंटेल प्रोसेसर धरते. त्यामुळं "आय५ आहे, मस्त आहे" म्हणून सहाव्या पिढीचा गळ्यात मारला तर घेऊ नका.

आणि नुसत्या ग्रामसंघाच्या दप्तरासाठी लॅपटॉप असेल तर ७५ हजारांचा विषयच काढू नका. ४० ते ४५ हजारांत काम होतं. उरलेल्यातून इन्व्हर्टर किंवा प्रिंटर येतो, तो सगळ्यांच्या कामाचा. लेकीच्या बाबतीत मात्र एकच उत्तर नाही. व्हिडिओचं काम, मोठी डिझाइनं, असा अभ्यास असेल तर ताकदीच्या मशीनला जास्त पैसे लागतातच, तिथं काटकसर केली तर दोन वर्षांत दुसरं घ्यावं लागेल.

पैसे गटातूनच उचला. शेकडा दोनच्या दरानं ३० हजार घेऊन महिन्याला दीड हजार मुद्दल फेडलं, तर वीस महिन्यांत ६,३०० रुपये व्याज होतं. ते व्याज आपल्याच गटात राहतं. दुकानातल्या बिनव्याजी हप्त्यात फाइलचा खर्च किती, आणि रोखीनं घेतलं तर किती कमी करता, हे दोन प्रश्न विचारा. व्याज कुठं लपलंय ते दिसेल.

बिल जीएसटीचं पक्कं घ्या. बिलावरचा सिरियल नंबर मशीनच्या पाठीवरच्या नंबराशी तिथंच जुळवा, खोकं घरी नेऊन नव्हे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथं मराठीत बोलता येतं. बिल मात्र जपून ठेवा, पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी.