गाडी बंद पडली? आधी निदान, मग पाना!

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग

सभासद बंधू-भगिनींनो,

बेणे, खत, पाणी आणि खोडवा हे आपले नेहमीचे विषय. या खेपेचा विषय थोडा वेगळा वाटेल, पण तो शेतीबाहेरचा नाही. आज आपल्या कार्यक्षेत्रात बैल नसलेली घरे पुष्कळ आहेत, मोटारसायकल नसलेले घर मात्र शोधावे लागेल. सकाळी डेअरीला दुधाचा कॅन, दुपारी खताचे पोते, सांजच्याला वैरणीचा भारा आणि रात्री लाईट आली की मोटर चालू करायला मळ्यात, एवढी कामे ती ओढते. म्हणजे ते आता एक शेती-अवजारच झाले आहे. नांगराच्या फाळाला आपण वेळेवर धार लावून घेतो, गाडीची आठवण मात्र ती बंद पडल्यावरच होते.

आणि बंद पडली की काय चालते? आधी घाम निघेस्तोवर किका. मग कुणी म्हणतो प्लग बदला, कुणी म्हणतो कॉइल गेली, कुणी कार्बुरेटरच खोलून बसतो. दोन-तीन वस्तू नव्या बसवून होतात, आणि खरा दोष निघतो टाकीच्या झाकणात माती बसल्याचा!

हे म्हणजे उसाचे पान पिवळे दिसले की युरियाचे पोते ओतण्यासारखे झाले. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी-पांढरी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची उणीव. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. बेट हाताने सहज उपटून आले आणि मुळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर हुमणी. रंग तोच, पण औषध तिन्हींचे वेगळे. गाडीचेही असेच आहे. आधी लक्षण बघायचे, मग कारण ठरवायचे आणि शेवटी पाना हातात घ्यायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

इंजिनाच्या तीन गरजा

पेट्रोल इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात. पहिली, योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा. दुसरी, वेळेवर पडणारी ठिणगी. तिसरी, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, ज्याला मिस्त्री लोक कॉम्प्रेशन म्हणतात. यांतली एक नसेल तर इंजिन चालत नाही. दाब एका दिवसात सहसा जात नाही. तो हळूहळू कमी होतो आणि गाडी अनेक महिने आधी धूर काढून, ओढ कमी करून सांगत असते. तेव्हा काल संध्याकाळी नीट चाललेली गाडी आज सकाळी सुरू होत नसेल तर बहुधा पेट्रोल नाही तर ठिणगी, या दोहोंतच दोष असतो.

सुरूच होत नसेल तर

फुकटात होणारी तपासणी सर्वांत आधी करावी. टाकीत पेट्रोल आहे का? कॉक चालू आहे का? हँडलवरचे इंजिन बंद करायचे लाल बटण पोराटोरांनी दाबून ठेवले नाही ना? पुष्कळ नव्या गाड्यांत साईड स्टँड खाली असेल तर गिअर टाकताच इंजिन बंद होते, तेही बघावे. टाकीत बघायला काडी ओढू नये, हे सांगायला नको, तरी सांगतो. मोबाईलची बॅटरी वापरा, आणि तोंडातली बिडी आधी विझवा.

मग प्लग. तो काढून परत त्याच्या टोपीत बसवावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवावा आणि किक मारावी. प्लगच्या भोकापासून तो लांब धरावा, जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे आणि टोपी रबरी भागालाच धरावी. निळसर, कडक ठिणगी पडली तर विजेची बाजू ठीक समजा. ठिणगी पडत नसेल किंवा पिवळट, मरतुकडी असेल तर दुसरा चांगला प्लग लावून बघा. तरीही नसेल तर टोपी, वायर, कॉइल या क्रमाने जावे.

काढलेला प्लग टाकून देण्याआधी त्याचे तोंड बघा. माती परीक्षणाच्या अहवालासारखे ते असते. बिस्किटासारखा तपकिरी रंग म्हणजे सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, एअर फिल्टर बघा. काळे आणि तेलकट असेल तर ऑईल वर येऊन जळते आहे. पांढरेफटक म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन जादा तापते आहे. पेट्रोलने ओलाचिंब असेल तर गाडी पिऊन बसली आहे. अशा वेळी चोक काढावा, कॉक बंद करावा, अॅक्सिलेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका माराव्यात आणि प्लग पुसून परत बसवावा.

ठिणगी आहे आणि प्लग मात्र कोरडा ठणठणीत, तर पेट्रोल पोचत नाही. कार्बुरेटरच्या गाडीत वाटीच्या तळाला निचऱ्याचा स्क्रू असतो. तो सैल करून थोडे पेट्रोल बाटलीत काढा. पाणी असेल तर ते तळाला वेगळे दिसते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि बहुतेक गाड्यांतला कार्बुरेटर जाऊन त्या जागी इंजेक्टर आला. अशा गाडीत किल्ली फिरवल्यावर टाकीतला पंप दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणतो. तो आवाज आला नाही तर फ्यूज आणि बॅटरी बघा. मीटरवरचा इंजिनाचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो आणि गाडी सुरू झाल्यावर विझतो. तो पेटलेलाच राहिला तर ते काम घरच्या पान्याचे नव्हे, तसे मशीन असलेल्या मिस्त्रीकडेच न्यावे. हा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. म्हणून रोज टाकी खडखडीत होईपर्यंत चालवण्याची सवय या गाड्यांना मानवत नाही.

चालता चालता बंद पडली तर

इथे एकच खूण लक्षात ठेवा. गाडी आचके देत, फुरफुरत, दम सोडत बंद पडली तर पेट्रोलचा दोष. दिवा मालवावा तशी खटकन बंद पडली तर विजेचा. पहिल्या प्रकारात टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. पाणंदीच्या धुळीत हे हमखास होते. दुसऱ्या प्रकारात फ्यूज, बॅटरीची टोके आणि प्लगची टोपी बघा. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखे साचले असेल तर कोमट पाण्याने धुऊन, पुसून, आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी.

ओढत नाही, अॅव्हरेज देत नाही

इंजिन वरच्या आवाजात ओरडते, पण गाडी पळत नाही? मग क्लच घसरतो आहे. क्लचच्या दांड्याला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ असायला हवा. तो नसेल तर आधी केबल सैल करा, प्लेटा बदलायची घाई नको. आणखी एक कारण म्हणजे चुकीचे ऑईल. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या पुष्कळ ऑईलमध्ये घसरण वाढवणारे घटक असतात आणि त्याने क्लच घसरतो. ट्रॅक्टरच्या डब्यातले उरलेले ऑईल ओतणे तर नकोच. डब्यावर ‘४टी’ आणि ‘जासो एमए’ ही अक्षरे बघून घ्यावे.

चार किलोमीटर जाऊन आल्यावर चाकाच्या मधल्या ड्रमला हाताची पाठ हळूच लावा. चटका बसला तर ब्रेक धरून बसला आहे. फिल्टर चोंदला, हवा कमी असली किंवा चेन जादा ताणली तरी अॅव्हरेज घटते. धुराचा रंगही बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळसर पांढरा म्हणजे ऑईल जळते आहे. थंडीच्या सकाळी दोन मिनिटे येते ती नुसती वाफ, तिची काळजी नको.

इथेनॉलची गोष्ट

“साहेब, तुमच्या इथेनॉलने गाड्या बिघडल्या,” असे शिवारात ऐकायला मिळते. इथेनॉल आपल्याच उसाचे, म्हणून त्याची बाजू घेतली असे कुणी म्हणू नये, यासाठी आहे ते सरळ सांगतो. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रण २०२२ मध्ये आणि २० टक्के २०२५ मध्ये गाठले गेले. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते. त्यामुळे जुन्या गाडीचे अॅव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींना ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. म्हणजे ६० देणारी गाडी दोनेक किलोमीटर कमी देईल. ६० वरून ४५ वर आली असेल तर दोष इथेनॉलच्या माथी मारू नका, वर सांगितलेले सगळे तपासा.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. इथेनॉल पाण्याला ओढून घेते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाला बसतात. म्हणून पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर चांगले ठेवा आणि गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी करू नका. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी सहा महिन्यांनी चाचपून बघा. फुगली, चिकट झाली किंवा तडकली असेल तर बदला. तिची किंमत फार नाही, पण गळलेल्या पेट्रोलने पेट घेतला तर नुकसान मोठे.

जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी

गाडी सुरू झाली नाही तर माणूस चालत घरी येतो. थांबली नाही तर काय, याचा विचार करा. गळीत हंगामात रात्रीच्या रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॉल्या असतात, काही पंक्चर होऊन कडेला उभ्या असतात, आणि मोळ्यांचे वाढे मागे लोंबत असते. अशा वेळी हेडलाईट आणि ब्रेक या दोनच गोष्टी माणसाला वाचवतात. ड्रम ब्रेकच्या दांड्याजवळ एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला भिडला की ब्रेक शू संपले. तेव्हा नट आवळून दिवस काढू नयेत. ओढ्यातून आल्यावर हळू चालत ब्रेक दोन-चार वेळा हलका दाबून सुकवावा. मागचा लाल दिवा रोज बघावा. आणि आपल्या ट्रॉलीधारक सभासदांना विनंती, मागे रिफ्लेक्टर लावल्याशिवाय आणि त्यावरचा चिखल पुसल्याशिवाय फडातून निघू नका.

मागच्या चाकाची साडी-जाळी काढून टाकू नये. मागे बसलेल्या माउलीचा पदर चाकात गेला तर काय होते, ते पाहिलेला माणूस ती कधी काढणार नाही.

आणखी एक. आल्या आल्या गरम गाडी वाळल्या पाचटावर उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरला पाचट लागले तर धुमसायला वेळ लागत नाही. गाडी जाईलच, पण शेजाऱ्याचा उभा ऊसही जाईल.

निगेचे वेळापत्रक

रोज: ब्रेक, दिवे आणि टायर यांवर एक नजर.

आठवड्याला: गाडी थंड असताना हवा. किती, ते चेनच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. मागे कॅन किंवा पोते असेल तर मागच्या चाकाला जोडीने बसण्याची हवा ठेवा. ऑईलची पातळी गाडी सपाट जागी सरळ उभी करून बघा. ऑईल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, ते आधी बदला.

पंधरवड्याला: चेन पुसून तेल द्या. ताण मधोमध साधारण एक इंच असावा आणि चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघावा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. चेन ओढली की मागच्या ड्रम ब्रेकचा खेळही पुन्हा तपासा.

महिन्याला: एअर फिल्टर. फोमचा असेल तर धुऊन, सुकवून, ऑईल लावून पिळून बसवावा. कागदी असेल तर धुऊ नये. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर फिल्टर आणि ऑईल पुस्तिकेतल्या मुदतीच्या थोडे आधीच बदललेले बरे.

खत वाहिल्यावर: गाडी साध्या पाण्याने धुवा. खताचे क्षार लोखंड खातात.

डिकीत प्लग पाना, एक जादा प्लग, एक फ्यूज, स्क्रू ड्रायव्हर आणि फडके एवढे ठेवले तर रात्रीची पायपीट पुष्कळदा टळेल. आपल्या गटातले शेतकी कर्मचारी याच रस्त्यांनी रोज गाडी हाकतात. उसाबरोबर गाडीचेही त्यांना मोकळेपणाने विचारा. हंगामाच्या तोंडावर प्रत्येकाने एक सकाळ गाडीला द्यावी आणि त्या सकाळी सुरुवात ब्रेकपासून करावी, एवढीच कळकळीची विनंती.