अभ्यासिका, भाग 6 : पीकविम्याची बातमी परीक्षेसाठी कशी वाचायची?

मागच्या भागात अभ्यासक्रमाचा कागद टेबलासमोर चिकटवायला सांगितलं होतं. आज त्याच कागदाकडे बघत पेपर उघडू.

अभ्यासिकेतली मुलं पहिलं पान वाचतात, अग्रलेखाखाली रेघा ओढतात आणि जिल्ह्याचं पान न बघताच उलटतात. 'आपल्या तालुक्यातलं लोकसेवा आयोग काय विचारणार?' हा समज धाराशिवच्या मुलांचं फार नुकसान करतो. ज्या प्रश्नांनी त्यांच्या घरची गणितं बिघडतात, तेच प्रश्न सामान्य अध्ययनाच्या पेपरात येतात. ते मात्र क्लासच्या नोट्समधून पाठ केले जातात.

खरीप 2020 चंच घ्या. त्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. पंतप्रधान पीकविमा योजनेत अशा नुकसानीची सूचना 72 तासांत द्यावी लागते. रानात गुडघाभर चिखल, फोनला रेंज नाही; पुष्कळांना ती मुदत पाळता आली नाही. सरकारी पंचनामे मात्र झाले होते. मग पंचनाम्यावरून भरपाई मिळणार की नाही? हा वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला, 2022 मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही पोचलं.

परीक्षेत ही बातमी जशीच्या तशी येणार नाही, तिच्यामागची व्यवस्था विचारली जाईल. म्हणून वहीत 'पीकविमा' असं एक पान करा. योजना 2016 ची. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाच्या अन्नधान्य व तेलबियांना 2 टक्के, रब्बीला दीड, नगदी आणि फळपिकांना 5 टक्के. उरलेला भार केंद्र आणि राज्याचा. 2020 मध्ये कर्जदार शेतकऱ्यांनाही योजना ऐच्छिक झाली आणि केंद्राचं अनुदान जिरायतीला 30, बागायतीला 25 टक्के हप्तादरापर्यंतच मर्यादित झालं. 2023 मध्ये महाराष्ट्राने एक रुपयात विमा दिला, 2025 मध्ये तो बंद केला. आता समोरच्या कागदाकडे बघा. शेती आणि आपत्ती व्यवस्थापन तिसऱ्या पेपरात; कल्याणकारी योजना, न्यायपालिका, केंद्र-राज्य संबंध दुसऱ्यात. एका बातमीने दोन पेपर गाठले.

तारीखवार नोट्स काढू नका. मुख्य परीक्षेच्या तोंडावर त्या चाळायला कुणाला वेळ मिळत नाही. विषयवार पान ठेवा आणि नवी बातमी आली की तिथेच दोन ओळी वाढवा. पक्षांची भांडणं, दौरे, सत्कार सोडून द्या. रोजचा पेपर दीड तासात वाचून संपला पाहिजे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाल्यामुळे मराठी अग्रलेखांचं मोल आणखी वाढलं आहे. मुद्दा मांडायचा कसा आणि आवरायचा कुठे, हे त्यातून हाताला लागतं.

मुलाखतीत तर जिल्हा हमखास निघतो. निती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीबरोबर आपला जिल्हा का आला? 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लोहारा-उमरग्याकडच्या गावांचं पुनर्वसन कसं झालं, त्यात काय साधलं, काय राहिलं? सास्तूरच्या मुलीने या प्रश्नाला पुस्तकी उत्तर दिलं, तर मला त्याचं खरंच वाईट वाटेल. तिच्या घरातली माणसं त्यातून गेलेली असतात.

या आठवड्यासाठी विषय सोयाबीनचा हमीभाव. 2025-26 साठी तो क्विंटलला 5,328 रुपये आहे. जिल्ह्याच्या पानावरून आपल्या बाजार समितीतला भाव रोज टिपा, खरेदी केंद्रांच्या बातम्या वाचा, ओलाव्याची 12 टक्क्यांची अट कुठे आडवी येते ते घरात विचारा. मग 150 शब्दांत लिहा : 'हमीभाव जाहीर होऊनही तो शेतकऱ्याच्या हाती का पडत नाही?' पुढच्या भागात हेच उत्तर घेऊन गुण कुठे मिळतात आणि कुठे जातात ते पाहू.